शिवणाच्या बाईंचं काळं कार्ड

शिवणाच्या बाईंचं वजन हा शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा विषय होता. बाकी कुठल्याही बाबतीत शाळेने त्यांना एवढं महत्त्व दिल्याचं कुणाला आठवत नाही. वेळापत्रकात शिवणाचा तास कायम शेवटचा, त्यामुळे शाळा लवकर सोडायची ठरली की पहिली कात्री त्याच्यावर. खोली दुसऱ्या मजल्यावर, पार टोकाला, फाटक्या नकाशांच्या गुंडाळ्यांच्या शेजारी. पण वर्षातून एकदा भूकंपाचा सराव जवळ आला, की मोठ्या बाईंपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांना शिवणाच्या बाईंची आठवण यायची. कारण सरावाला जखमी माणूस लागतो. त्या जखमीला स्ट्रेचरवर घालून दोन मजले खाली आणावं लागतं. आणि अख्ख्या शिक्षकवर्गात, उचलणाऱ्यांना धाप न लागता खाली पोचेल असा जखमी एकच होता.

पहिल्या वर्षी हा मान भूगोलाच्या सरांना मिळाला होता. भूकंप हा त्यांच्याच विषयातला, तेव्हा जखमीही त्यांनीच व्हावं असा हिशेब. सर देहाने ऐसपैस. जिन्याच्या पहिल्या वळणावर स्ट्रेचर टेकवावं लागलं, दुसऱ्या वळणावर उचलणाऱ्या एकाच्या कमरेत उसण भरली, आणि शेवटी जखमी सरच उठून उसण भरलेल्याला खांद्याचा आधार देत खाली घेऊन आले. सराव उत्तम झाल्याचं वर कळवण्यात आलं. त्यानंतर मात्र मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ती शिवणाच्या बाईंवर येऊन थांबली.

मुलं त्यांना टाकेबाई म्हणायची. कुणाचा टाका वाकडा गेला की बाई चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द बोलत, "उसव." मोठमोठे दांडगे मुलगे त्या शब्दाला वचकून असत. अशा बाईंना आडवं पडलेलं बघायला मिळणं ही मुलांसाठी सोन्यासारखी संधी होती, आणि बाईही ती वाया जाऊ देत नसत. बेशुद्ध पडल्या तरी एक डोळा किलकिला उघडा ठेवून त्यांचं उचलणाऱ्यांवर लक्ष असे.

"अहो, डोक्याकडची बाजू वर घ्या. घसरतेय मी."

"बाई, तुम्ही बेशुद्ध आहात," पीटीचे सर दात आवळून सांगत.

"बेशुद्ध आहे, पण पडायची हौस नाहीये मला."

सराव संपला की मैदानावर जखमीच्या हातात माइक देऊन चार शब्द बोलायला सांगायची शाळेची पद्धत होती. बाई उभ्या राहिल्या नुसत्या, तरी हशा सुरू व्हायचा. एका वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "मला वाचवल्याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. भूकंपात मला काहीही लागलं नव्हतं. जे काही लागलंय ते वाचवताना लागलंय." पीटीच्या सरांना ते वाक्य वर्षभर पुरलं.

आणि हे सगळं संध्याकाळी घरी गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागे. बाईंचे यजमान छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करत. बोटांना कायम खळ लागलेली, स्वभाव मिश्कील. सरावाच्या दिवशी ते मुद्दाम लवकर घरी येत आणि दार उघडता उघडताच विचारत, "काय, आज कशानं गेलीस?"

"गेले कुठे? नुसता पाय मोडलाय."

"अरेरे. मग चहाचं कसं?"

"ज्याचे पाय धड आहेत त्यानं करावा."

ते चहा करत आणि बाई खुर्चीत बसून सरावाचं सगळं वर्णन करत. कोण रडलं, कोण बाकाखाली अडकलं, कुणी दप्तराऐवजी डोक्यावर डबा धरला आणि तो उघडला. यजमानांनी शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण जिन्याची वळणं त्यांना पाठ होती.

हे झालं घरातलं. चारचौघांत मात्र बाईंच्या तोंडून नवऱ्याशी बोलताना दोनच शब्द निघत, "अहो" आणि "चला". लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी लोकांदेखत त्यांनी नवऱ्याला "दमलात का" एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. लाज वाटायची. यजमान त्यावरूनही चिडवायचे. "मी मेलो तरी ही लोकांसमोर एवढंच म्हणेल, अहो, चला."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गेले. छापखान्यात काम करता करता खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. डोक्यात रक्त साकळलं होतं. दवाखान्यात काही दिवस ते डोळे मिटून पडून होते. बाई शेजारी स्टुलावर बसत, त्यांच्या बोटांवरची वाळलेली खळ ओल्या रुमालाने पुसत. मग एका दुपारी एक तरुण डॉक्टर आले, पापण्या उघडून त्यांनी आत बॅटरी मारून पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, त्यांना आता काही कळत नाहीये. तुम्ही जरा बाहेर बसा."

पलंगाभोवती डॉक्टर होते, नर्स होती, फरशी पुसणारी बाई होती, पलीकडच्या पेशंटचा जावई होता. मोजून चारचौघं. बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, यजमानांचा चष्मा पिशवीत टाकला, टॉवेलची घडी केली आणि काही न बोलता बाहेर जाऊन बाकावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांना आत बोलावलं, ते यजमान गेल्यावरच.

तेव्हापासून बाईंनी डॉक्टरांचं ते एक वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांना काही कळत नव्हतं. म्हणजे आपण काही बोललो नाही तरी काही बिघडलं नाही. आपण उठून गेलो हे त्यांना कळलंच नाही. भेटायला येणारेही हेच म्हणत. नणंद तर रोज फोनवर म्हणायची, "वहिनी, त्याला कुठे काही समजत होतं? तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." बाई "हो ना" म्हणत आणि फोन ठेवत. त्या हो-नावर त्या जेवत, झोपत, शाळेत येत. जाणाऱ्या माणसाचा निरोप घ्यायचा राहिला ही गोष्ट तशी मोठी, पण ज्याला कळतच नाही त्याचा कसला निरोप? एवढा एक टाका होता, त्यावर सगळं शिवण टिकून होतं.

शाळा सुरू झाली तेव्हा सगळे बाईंशी असे वागायला लागले, जणू काही त्या काचेच्या आहेत. पीटीचे सर एकदम "तुम्ही जेवलात का" असं विचारू लागले. चित्रकलेच्या बाई आपला लाडू अर्धा मोडून त्यांच्या डब्यात टाकू लागल्या. मोठ्या बाईंनी तर शिवणाचा तास शेवटून दुसरा केला. बाईंना हे सगळं इतकं जड झालं, की त्या सरावाच्या दिवसाची वाट बघायला लागल्या. निदान त्या दिवशी तरी कुणीतरी आपल्याला स्ट्रेचरसकट भिंतीवर आपटेल.

पण यंदा सरावाचं रूपच बदललं होतं. आपत्ती खात्याचे एक साहेब आले होते. नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात रंगीत कार्डांची चळत. मोठ्या मुलांची मदत पथकं करून त्यांना त्यांनी सभागृहात बसवलं आणि समजावून सांगितलं. खऱ्या भूकंपात जखमी एक नसतो, खूप असतात. सगळ्यांना एकदम उचलता येत नाही. म्हणून गळ्यात कार्ड. हिरवं म्हणजे चालता येतंय, पिवळं म्हणजे थोडं थांबू शकतो, लाल म्हणजे आधी ह्याला उचला.

"आणि काळं?" एका मुलाने विचारलं.

"काळं म्हणजे माणूस गेला, किंवा गेल्यात जमा. त्याच्यापाशी थांबायचं नाही. तुम्ही तिथे थांबलात, तर तिकडे लाल कार्डवाला जाईल. कळलं?"

"सर, पण त्याला सांगायचं का, की तुझं काळं आहे म्हणून?"

सभागृह खदखदून हसलं. साहेबही हसले. "त्याला कुठे कळणार आहे बाळा? चला पुढे."

मागच्या रांगेत बसलेल्या बाईंनी मान हलवली. साहेबांचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

मग शिक्षकांच्या खोलीत साहेबांनी पत्ते वाटावेत तशी कार्डं उलटी करून वाटली. बाईंनी आपलं उलटून पाहिलं. काळं. मोठ्या बाई घाईघाईने पुढे आल्या. "साहेब, ह्यांना दुसरं द्या. हिरवं द्या."

"बाई, माझं लाल घ्या," पीटीचे सर म्हणाले. "माझं काय, मी मरायला तयार आहे. नाहीतरी पाठ धरलीय."

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "पानं वाटल्यावर बदलायची नसतात. आणि एवढी वर्षं नुसते हातपाय मोडतेय. कधीतरी बढती नको मिळायला?"

सगळे हसले. जरा जास्तच हसले. बाईंनी कार्ड गळ्यात घातलं.

घंटा वाजली, ती थांबेचना. खाली-वर सगळीकडे मुलं बाकांखाली शिरली. एकमेकांना ढकलणं, हसू दाबणं, "ए, माझा पाय!" हे सगळं व्यवस्थित पार पडलं. मग रांगा निघाल्या. शिवणाच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात शिपायाने सतरंजी अंथरली होती. बाई तिच्यावर आडव्या झाल्या, साडी पायांशी नीट केली आणि डोळे मिटले. यंदा एक डोळाही उघडा ठेवायचा नव्हता. मेलेला माणूस सूचना देत नाही.

जिन्यावरून पावलं धावत वर आली.

"ए, इथे एक आहे!"

कुणीतरी गुडघ्यांवर बसलं आणि बाईंचा हात हातात घेतला. हात लहान, घामेजलेला. आवाजावरून बाईंनी ओळखलं. सातवीतली ती उंच मुलगी, जिच्या रुमालाची किनार वर्षभर वाकडीच जात होती आणि जिला बाईंनी सगळ्यात जास्त वेळा "उसव" म्हटलं होतं.

"टाकेबाई आहेत."

"कार्ड बघ कार्ड," दुसरा आवाज. मुलाचा.

"काळं आहे."

"मग सोड. चल. लाल तिकडे सायन्सच्या खोलीत आहे."

"अरे, पण हात गरम आहे त्यांचा."

"गरमच असणार ना, बावळट. सराव आहे. नियमाने त्या मेल्यात. चल, नाहीतर आपला नंबर जाईल."

मुलगी उठली नाही. तिचा अंगठा बाईंच्या मनगटावर नाडी शोधत होता, सापडत नव्हता, चुकीच्या जागी दाबत होता. खालून साहेबांची लांब शिट्टी आली. मुलीने हात खाली ठेवला. नुसता सोडला नाही, अलगद सतरंजीवर ठेवला. मग उठताना तिच्या बुटाचा करकर आवाज झाला, आणि पावलं निघाली. आधी जवळची, मग व्हरांड्यातली, मग जिन्याची. एक एक ऐकू येत होतं.

मजला रिकामा झाला. आतल्या खोलीतला पंखा टकटकत होता. कुठल्यातरी नळातून पाणी ठिबकत होतं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि त्यांना सगळं, सगळं ऐकू येत होतं.

आणि तेव्हा थर्मासच्या झाकणाचा आवाज आला. इथे नाही, तिथला, त्या दुपारचा. ते झाकण फिरवताना कचकच वाजायचं. कितीदा म्हणायचे ते, दोन थेंब तेल घाल ह्याला. ते वाजलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचूर. मग टॉवेल झटकल्याचा आवाज, कारण घडी करण्याआधी झटकायची बाईंची सवय. मग चपला. ह्या चपला यजमानांनी रोज संध्याकाळी जिन्यातून येताना ऐकलेल्या, दार उघडायला त्या आवाजावरच उठायचे. त्या चपला आता पलंगापासून लांब निघाल्या. दारापर्यंत. दाराबाहेर. आणि त्यात कुठेही माणसाचा आवाज नाही. त्यांनी वाट बघितली असेल. चिडवायला का होईना, "अहो, चला" तरी म्हणेल म्हणून वाट बघितली असेल.

आपल्या डोळ्यांतून कानांकडे काहीतरी ओघळतंय हे बाईंना कळलं, पण मेलेल्या माणसाला ते पुसता येत नाही.

"बाई, संपलं. उठा," पीटीच्या सरांचा आवाज आला. त्यांनी हात देऊन बसतं केलं, चेहरा बघितला आणि खिशातला रुमाल काढून पुढे केला. "धूळ फार आहे सतरंजीला," ते म्हणाले. "शिपायाला सांगतो मी."

मैदानावर सगळी शाळा रांगांत बसली होती. साहेबांनी पथकांची तारीफ केली. कुणीही काळ्या कार्डापाशी वेळ घालवला नाही, ह्याबद्दल खास शाबासकी दिली. मग मुलांनी सुरू केलं, "टाकेबाई! टाकेबाई!" टाळ्यांच्या ठेक्यावर.

"अरे, त्या तर गेल्या ना?" साहेब माइकवर म्हणाले. "गेलेल्यांनी भाषण करायचं नसतं." हशा. पण ठेका थांबेना, तेव्हा त्यांनी माइक बाईंकडे दिला. मोठ्या बाई नको नको अशी खूण करत होत्या, ती कुणी पाहिली नाही.

बाई उभ्या राहिल्या. मुलं आधीच तोंडावर हात धरून तयार होती. बाईंना फार काही बोलायचं नव्हतं. एकच गोष्ट त्या मुलांना सांगायची होती, आणि ती आत्ताच सांगायला हवी होती, कारण घरी सांगायला कुणी नव्हतं.

"ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "काळं कार्ड असलं ना, तरी सगळं ऐकू येतं."

मैदानात हशा फुटला. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. मागून कुणीतरी भुताचा आवाज काढला, त्यावर आणखी हसली. साहेबांनी पोट धरलं. बाई माइक तोंडापाशी धरून थांबल्या. हसणं ओसरलं की पुढचं सांगू, म्हणून थांबल्या. ओसरायला लागलं की पुन्हा भूत ओरडे. ओठ हसल्यासारखे करायची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती, ते आपोआप तसे झाले. शेवटी त्यांनी माइक साहेबांच्या हातात दिला.

"काय बोलल्या!" साहेब म्हणाले. "एकाच वाक्यात!"

शिवणाच्या खोलीत परत आल्यावर बाईंनी यंत्रावरचं कापड काढलं, पुन्हा घातलं. तास कुणाचा आहे ते आठवेना. दारात ती उंच मुलगी उभी होती.

"बाई, आत येऊ?"

"ये."

"तुम्ही खरंच ऐकत होतात?"

"हो."

मुलीचं तोंड एवढंसं झालं. "मी आधी हात धरला होता. सोडणार नव्हते मी. पण शिट्टी झाली, आणि तो म्हणाला नंबर जाईल..."

"कळलं मला."

"राग आला तुम्हाला?"

"नाही गं. राग नाही येत." बाई खिडकीशी गेल्या. "तसा नियमच असतो. कुणीतरी सांगतं, आता इथे थांबू नका, आणि आपण उठतो."

"मग तुम्ही रडत का होतात? खाली आलात ना, तेव्हा डोळे लाल होते तुमचे."

बाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. काय सांगायचं ह्या पोरीला? की माझ्याकडे एक वाक्य होतं, फार चांगलं होतं, तू हात ठेवून गेलीस तेव्हा ते उसवलं? पोरीचा ह्यात काय दोष?

"धूळ गेली डोळ्यांत," त्या म्हणाल्या. "सतरंजी घाण होती. जा आता, तास बुडेल."

मुलगी निघाली. दारापाशी गेली, थांबली, आणि जसं कुणीही कुणाच्याही घरून, दुकानातून, वर्गातून निघताना म्हणतं तसं, काही विचार न करता म्हणाली, "येते हं बाई."

पावलं व्हरांड्यातून गेली. बाई यंत्राची कड धरून उभ्या राहिल्या.

एवढाच तर शब्द होता. तो चारचौघांत म्हणायला कसली लाज?